कप्प्यातल्या कुप्या

मी एक लोखंडी कपाट बोलतोय. १९९६च्या उन्हाळ्यात सिन्नरच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला. राखाडी रंग मारला आणि दारावर माणसाच्या उंचीचा आरसा बसवला. आत वेगळ्या किल्लीचा एक छोटा कप्पा केला. भाग्यश्रीच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला दिलं आणि टेम्पोत आडवा पडून मी नाशिकजवळच्या मखमलाबादला तिच्या सासरी आलो.

घर फुलशेतीवाल्यांचं. सासू ठमाबाई शेवंतीच्या पाट्या बाजारात न्यायची. नवरा ज्ञानेश दिवसभर मळा बघायचा आणि संध्याकाळी पंचवटीतल्या जिमला जायचा. आल्यावर बनियन काढून माझ्यासमोर उभा राहायचा, दंड फुगवायचा, श्वास रोखून पोट आत घ्यायचा.

"पुरे की आता, आरशाची दृष्ट लागेल," भाग्यश्री दारातून म्हणायची. मग दोघंही हसायचे.

जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत तो दोन वर्षं पाचवाच आला. तिसऱ्या वर्षी त्याला शिकवणारे भिकन सर घरी आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका होता.

"अंडी नि हरभरे खाऊन इथवरच येतं माणूस. तुझ्या पुढचे चौघंही स्टिरॉइडचा कोर्स करतात. तीन महिने इंजेक्शनं घे. स्पर्धा झाली की बंद."

त्याच दिवशी भाग्यश्रीच्या पाटल्या माझ्या छोट्या कप्प्यातून निघाल्या आणि कापसात ठेवलेल्या काचेच्या कुप्या, सुया, गोळ्या आत गेल्या. किल्ली ज्ञानेशच्या करदोट्याला लागली. "स्पर्धेचं सामान आहे, हात लावू नको," एवढंच त्यानं बायकोला सांगितलं.

अंग भरत गेलं, हे खरं. खांदे माझ्या आरशात मावेनात. पण पाठीवर पिकलेल्या पुळ्या उठल्या, उशीवर केस दिसू लागले. स्पर्धेआधीच्या आठवड्यात स्नायू उठून दिसावेत म्हणून त्यानं मीठ सोडलं, दोन दिवस पाणीही घोटघोट. ओठ फाटले होते. भाग्यश्रीनं अंड्यावर सवयीनं चिमूटभर मीठ टाकलं, तर ताट भिंतीवर गेलं आणि मुठीचा ठोसा माझ्या दारावर बसला. ती भिंत पुसत राहिली.

त्या वर्षी तो पहिला आला. गावात मिरवणूक निघाली.

ठरल्याप्रमाणे त्यानं कुप्या बंद केल्या. दोन महिन्यांत दंड उतरले, छातीवर बोंडांखाली दुखऱ्या गाठी आल्या. तो दुपार दुपार पांघरूण घेऊन पडून राहायचा. एकदा माझ्यासमोर उभा राहून त्यानं स्वतःला पाहिलं आणि लहान मुलासारखा रडला. मग करदोट्याची किल्ली काढली. त्यानंतर ती माझ्यात फिरतच राहिली. मी लोखंडाचा. मला दार आपणहून उघडता येत नाही आणि बंदही धरून ठेवता येत नाही.

लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही. ठमाबाईनं सुनेला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला आणा.

"त्याला कशाला?" ठमाबाई घरी येऊन कडाडली. "अख्ख्या जिल्ह्यात असा गडी नाय. त्याच्यात खोट काढतीस व्हय?"

ज्ञानेश तिथंच, माझ्याकडे तोंड करून उभा होता. आरशात त्याची नजर खाली गेलेली मला दिसली.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी घरात कोणी नसताना त्यानं एक घडी केलेला कागद आणला. उभ्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि कुप्यांच्या खाली सरकवला.

त्यावर आणखी दोन वर्षं गेली. भाग्यश्रीनं उपास केले, काढे प्यायली, परसातल्या बायकांची कुजबुज ऐकली. शेवटी ठमाबाईनं इगतपुरीकडची एक मुलगी पाहून ठेवली आणि सुनेला सांगितलं, "तुझं सामान घे अन् जा माहेरी. कपाटबी ने तुझं."

२००२ची दिवाळी उरकली होती. अंगणात टेम्पो उभा राहिला. भाग्यश्रीनं माझ्यातल्या साड्या गाठोड्यात बांधल्या आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. कप्पा मोकळा करायचाय."

"कपाट राहू दे," ज्ञानेश म्हणाला.

"का? माझं आहे."

"दे की रं," ठमाबाई वैतागली. "काय सोनं भरलंय का त्यात?"

त्यानं करदोट्याची किल्ली सोडली. एवढा थोरला गडी, पण किल्ली कुलपात बसेना. भाग्यश्रीनंच ती फिरवली. कुप्या बाजूला केल्या आणि कागद उलगडला. तिनं तो हळू, मोठ्यानं वाचला. नाव ज्ञानेशचं. शुक्रजंतू, शून्य. मग तारीख वाचली.

"दोन वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली.

"ह्या इंजेक्शनांनी झालं," ज्ञानेश खाली बसला. "डॉक्टर म्हणाले, बंद केलं तर वर्षा-दोन वर्षांत फरक पडू शकेल. मला बंद करता आलं नाही गं. करून बघितलं. मी उरतच नव्हतो."

ठमाबाईनं एक कुपी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. "मी हिला काय काय बोलले," एवढंच पुटपुटली. मग सुनेचं गाठोडं सोडायला खाली वाकली. भाग्यश्रीनं तिचा हात हलकेच बाजूला केला.

"कपाट चढवा," तिनं टेम्पोवाल्याला हाक मारली.

आता मी सिन्नरला आहे. भाग्यश्री औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तीन वर्षांनी ज्ञानेश आला होता. मी त्याला ओळखलंच नाही. शर्ट अंगावर लोंबत होता. मध्ये कावीळ झाली, यकृत बिघडलं, महिनाभर दवाखान्यात होता. तेव्हापासून सगळं सोडलंय, म्हणाला.

"येशील का परत? आईनंही निरोप दिलाय. मूल होईल की नाही, सांगता येत नाही."

भाग्यश्रीनं त्याला पाणी दिलं.

"मूल नसतं झालं तरी मी राहिले असते," ती म्हणाली. "त्या दुपारी कागद मला दाखवायला हवा होता तुम्ही."

त्यानं मान हलवली, पेला खाली ठेवला आणि नाशिकची एसटी पकडायला निघाला.

तो वाईट नव्हता, म्हणून सांगावंसं वाटलं. तुमच्या घरात कोणी असंच काही लपवून बसलं असेल, तर त्याच्याशी आजच बोला. मी सहा वर्षं तिथं उभा होतो. मला बोलता आलं नाही.