नदीम येतोय म्हणून

खोटं बोलायचं असं ठरवून शब्बीर त्या सकाळी पुढच्या खोलीच्या दाराशी गेला नव्हता. विनिताला एवढंच सांगायचं होतं, की भाड्याचा करार संपतोय आणि या वेळी तो वाढवायचा नाही. खोली मला हवी आहे.

कशाला हवी आहे, ते मात्र त्याने सांगायचं टाळलं होतं. खोपोलीजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. स्टोअरला लागूनच लाकडी साचे बनवायचा विभाग होता. लोखंड ओतायच्या आधी प्रत्येक वस्तू तिथे लाकडात घडायची. जेवणाच्या सुट्टीत शब्बीर तिथे जाऊन उभा राहायचा. कधी कुणी हातात रंधा द्यायचं, कधी एखादी कड घासायला द्यायचं. रिटायर झालो की घरी असंच सुतारकामाचं एक छोटं दुकान मांडायचं, स्वतःपुरतं, हे त्याच्या मनात तेव्हापासून होतं. हत्यारं तो एकेक करून जमवत गेला. पटाश्या, करवती, गुण्या सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली पडून होतं. आता तो रिटायर झाला होता आणि भिसेगावातल्या त्याच्या घरात या कामाला सोयीची जागा एकच होती. रस्त्याकडे दार असलेली, भरपूर उजेडाची पुढची खोली.

त्या खोलीत विनिता आणि तिची आई अंबूबाई राहायच्या, नदीमचं लग्न व्हायच्याही आधीपासून. नदीम हा शब्बीरचा एकुलता एक मुलगा. तो मस्कतला होता आणि तिथेच रमला होता. विनिताचा नवरा लवकर गेला, ती कर्जत स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर काम करायची. अंबूबाई कडावकडच्या खेड्यातली. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. दिवसभर ती दारापुढच्या ओट्यावर बसायची आणि शब्बीरची बायको बिलकिस हातातलं काम घेऊन तिच्या शेजारी. मेथी निवडणं, तांदूळ पाखडणं, सगळं त्या ओट्यावर चालायचं.

विनिताने दार उघडलं. "या ना काका. मीच येणार होते, पुढच्या कराराचं बोलायला."

"हो, तेच..." शब्बीर म्हणाला आणि थांबला.

आत अंबूबाई गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. "भाईर काय हुबा रं शब्बीर? आत ये की."

तिच्याकडे बघून त्याला लाकडाचं नाव काढता येईना. मला रंधा मारायला जागा पाहिजे, म्हणून तुम्ही उठा, असं त्या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"नदीम येतोय," तो म्हणाला. "कायमचा. तिकडचं काम सुटलं त्याचं. बायको, बाळ, सगळेच येतायत. जागा पुरायची नाही."

"आगं बया!" अंबूबाईचा चेहरा एकदम फुलला. "पोर घरी येतंय व्हय? मंग आमी काय आडवं पडतोय का? विने, बघ गं दुसरी जागा. लेकरू यायच्या आदी खोली रिकामी व्हाया पायजे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं शब्बीरला वाटलं.

दुपारी जेवताना त्याने बिलकिसला सांगितलं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"माझ्या पोराचं नाव घेऊन बोललात?"

"तोंडातून गेलं."

"मग आत्ताच्या आत्ता जा आणि परत बोला."

तो उठला नाही. उद्या बघू म्हणाला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर अंबूबाईने बिलकिसला विचारलं, "सून कवा येतीय गं?" खिडकीतून शब्बीरने ऐकलं. बिलकिसने हातातली जुडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तिकीट मिळालं की." त्या दिवसापासून तीही त्या खोट्यात सामील झाली, आणि ते तिने नवऱ्याला माफ केलं नाही.

विनिताने भिसेगावात शोधलं, कर्जतमध्ये शोधलं. तळमजल्यावरची, परवडणारी जागा मिळेना. बाळ येणार म्हणून अंबूबाईने घाई लावली होती. शेवटी नेरळला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. लिफ्ट नव्हती. सामानाच्या टेंपोबरोबर शब्बीरही गेला, मदतीला. अंबूबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. टेंपोवाल्याने खुर्चीची पाठ धरली आणि पुढचे पाय शब्बीरने. प्रत्येक वळणावर ती म्हणत होती, "दमानं रं शब्बीर, तुज्या कंबरंला लागंल. आता नातवाला उचलायचं हाय तुला."

तो घरी आला आणि आठवडाभर पुढच्या खोलीत गेलाच नाही. मग एका सकाळी गेला, भिंती झाडल्या, आणि खिडकीपाशी कामाचं टेबल उभं करायला घेतलं.

खरं सांगायचं तर तो सुखात होता, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. जुन्या चौकटीचं सागवान रंध्याखाली उलगडायला लागलं, की पातळ साल सुटून वेटोळं घ्यायची आणि खोलीभर वास पसरायचा. तास कसा गेला ते कळायचं नाही. मग मान वर केली की समोर भिंतीवर अंबूबाईच्या डोक्याच्या तेलाचा डाग दिसायचा. तिथे टेकून ती बसायची. शब्बीरने त्या डागावर फळी ठोकली आणि करवती टांगल्या. फळीमागे डाग आहे हे त्याला ठाऊकच होतं.

पहिली वस्तू त्याने बिलकिससाठी बनवली, मसाल्याच्या डब्यांची मांडणी. कोपरे नीट जुळले होते, हाताला कुठे बोचत नव्हतं. बिलकिसने ती बघितली, "चांगली झाली" म्हणाली आणि डबे होते तिथेच ठेवले. ओट्यावर बसणंही तिने सोडलं. मेथी आता मागच्या दाराशी, एकटीने निवडली जायची. विनिताचा अधूनमधून फोन यायचा. नदीमदादा आले का, आई विचारतेय. "पुढे ढकललंय त्यांनी," बिलकिस सांगायची आणि फोन ठेवून नवऱ्याकडे न बघता आत निघून जायची.

एकदा भर दुपारी शब्बीर लाकूड घासायचं मशीन चालवत होता. आवाजात त्याला हाक ऐकू आली नाही. वळून बघितलं तर उघड्या दारात विनिता उभी. मेडिकलमधून लवकर सुटून आली असावी. हातात कापडाची मोठी पिशवी होती आणि पिशवीतून गोधडीची लाल किनार डोकावत होती.

"आईने बाळासाठी शिवलीय," ती म्हणाली. बोलता बोलता तिची नजर टेबलावरून, फळ्यांच्या चळतीवरून, भिंतीवरच्या करवतींवरून फिरली. "नदीमदादा...?"

शब्बीरने मशीन बंद केलं. केसांत, भुवयांवर भुसा होता.

"आला नाही तो."

"येणार होते?"

त्याला पुन्हा काहीतरी जुळवून सांगता आलं असतं. "नाही," तो म्हणाला.

विनिता जराशी दाराला टेकली. तिने आवाज चढवला नाही. "काका, तुम्ही सरळ सांगितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो. घर तुमचं आहे. फक्त खालची जागा मिळेपर्यंत थांबलो असतो. बाळ येणार म्हणून आईने मला थांबू दिलं नाही." मग म्हणाली, "वर चढवलं त्या दिवसापासून ती खाली उतरलेली नाहीये. ग्रिलमधून रस्ता बघत बसते."

"विनिता, मी..."

"ही मी परत नेते." तिने पिशवी छातीशी धरली. "पण तिला काय सांगू, ते मला कळत नाही."

"मी येऊन सांगतो," शब्बीर म्हणाला. "मीच सांगायला हवं."

विनिताच्या सुट्टीच्या दिवशी तो नेरळला गेला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यालाच धाप लागली. अंबूबाई खिडकीच्या ग्रिलला हात धरून बसली होती. त्याला बघून ती हसायला लागली, तेवढ्यात त्याने बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोलणं झालंच नसतं. नदीम येणार नव्हता, खोली मला लाकडाच्या कामासाठी हवी होती, मी खोटं बोललो.

अंबूबाईने सगळं ऐकून घेतलं. लाकडाबद्दल तिने काही विचारलं नाही. खोलीबद्दलही नाही.

"बिलकिसला ठाव हुतं?"

या प्रश्नाची तयारी त्याने केली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

"नाही," शब्बीर म्हणाला. "तिलाही मी तेच सांगितलं होतं."

म्हातारीने श्वास सोडला. "मंग ऱ्हाऊदे. तू केलंस ते केलंस. पर तिनं माज्या शेजारी बसून असं केलं असतं, तर मला सोसलं नसतं रं."

स्वयंपाकघराच्या दारात विनिता चहाचा कप घेऊन उभी होती. फोनवरचं "पुढे ढकललंय" तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने कप शब्बीरपुढे ठेवला आणि आत गेली.

घरी येऊन त्याने बिलकिसला सगळं सांगितलं. तिला वाचवलं, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे आता मी जन्मभर तिच्यासमोर साळसूद बनून बसू?" बिलकिस म्हणाली. "माफी मागायला गेलात, तर तिथेही एक नवीन खोटं ठेवून आलात!"

दुसऱ्या दिवशी ती एकटी नेरळला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"ते माझं नि तिचं."

त्यानंतर ती दर आठवड्याला जायला लागली. गेल्यावर काय होतं, ते शब्बीरला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. तिचा चेहरा बघून अंदाज करायचा, आणि तो चांगला निघायचा नाही. एकदा मात्र चपला काढता काढता ती आपणहून म्हणाली, "इतके दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. आज माझ्यापुढे लसूण सरकवला, सोलायला."

शब्बीरने विनिताला फोन करून खोली परत देतो म्हणून सांगितलं. सामान हलवतो, दोन दिवसांत रिकामी करतो. "नको काका," ती म्हणाली. "आईचं मन आता तिथे लागायचं नाही." त्याने फार आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावर त्याला आतून थोडं हलकं वाटलं, दुकान वाचलं म्हणून. मग ते हलकं वाटल्याचीच इतकी लाज वाटली, की बरेच दिवस त्याने पटाशीला हात लावला नाही.

पुन्हा हात लावला तो बिलकिसच्या एका वाक्यामुळे. "मीच धापा टाकत चढते," ती कुणाला तरी फोनवर सांगत होती. "मध्ये टेकायला काहीसुद्धा नाही. ती कशी उतरेल?"

तो नेरळला जाऊन जिन्याची वळणं मोजून आला. भिंतीला बिजागरीने बसवायच्या, उघडल्या की बसता येईल आणि मिटल्या की वाट मोकळी राहील, अशा फळ्या करायच्या होत्या. विनिताने इमारतीतल्या लोकांना विचारलं. वर राहणारी इतरही म्हातारी माणसं होती, कुणी नाही म्हणालं नाही. "पण कुणी बनवल्या ते मी आईला सांगणार," विनिता म्हणाली. "आता लपवालपवी नको." शब्बीरने मान हलवली.

फळ्या बसल्या त्या दिवशी अंबूबाई खाली उतरली. एक हात बिलकिसच्या खांद्यावर, दुसरा भिंतीला. शब्बीर फाटकापाशी ड्रिलची वायर गुंडाळत उभा होता. वरून आवाज येत होते. थांब गं, दमानं, बस जरा. बऱ्याच वेळाने दोघी खाली आल्या. उन्हात येताच अंबूबाईने डोळे बारीक केले आणि रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाकडे, समोरच्या भाजीवाल्याकडे बघत राहिली. शब्बीर दोन पावलं पुढे झाला. ती त्याच्या बाजूने निघून गेली. मग थांबली, पण वळली नाही.

"वरल्या फळीची कड टोचतीय," ती म्हणाली.

"घासतो मावशी. आत्ता घासतो."

ती बिलकिसला घेऊन भाजीच्या गाडीकडे गेली. शब्बीर पॉलिशपेपर घेऊन वर चढला, गुडघ्यावर बसला आणि कड घासायला लागला. खालून दोघींचा आवाज येत होता. अंबूबाई भाजीवाल्याशी भांडत होती, मेथीच्या जुडीत सगळ्या काड्याच आहेत म्हणून, आणि बिलकिस हसत होती. तिचं हसणं त्याने किती दिवसांत ऐकलं नव्हतं. कड कधीच गुळगुळीत झाली होती, तरी तो तिथेच बसून घासत राहिला. खाली जायचं त्याला धाडस होत नव्हतं.