एक्सलंट

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत दर मंगळवारी मी मिसेस युनला इंग्रजी शिकवायचे, तेही फुकट. ती कोरियातल्या सोलची, मी नागपूरची. आपापल्या गावी दोघी गणिताच्या शिक्षिका. इथे नवऱ्यांच्या व्हिसावर घरी बसलेल्या. २००५ साली दोघींची ग्रीनकार्डं आली आणि जवळच्या ट्यूशन सेंटरमध्ये गणिताची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. सहा वर्षं पोळ्या लाटून मी फळ्यासाठी आसुसले होते, तरी काळजी मला तिचीच होती. तिचं इंग्रजी ते काय.

"विचारतील, तुम्ही शिकवता कशा? काय सांगाल?"

"अजून कमी आहे," ती मान खाली घालून म्हणाली. "खूप शिकायचंय."

"असं बोललात तर दार दाखवतील. म्हणा, आय ॲम एक्सलंट."

तिनं तोंडावर हात धरला. सूप एक्सलंट, हवा एक्सलंट, सगळं म्हणून झालं. 'आय ॲम' आलं की गाडी अडायची. त्यांच्याकडे म्हणे कुणी कौतुक केलं तरी आधी नाही-नाही म्हणायचं असतं.

"ही खोटी नम्रता इथे चालत नाही," मी ठणकावलं. शेवटी एरंडेल घेतल्यासारखे डोळे मिटून ती म्हणाली एकदाची.

मुलाखत आधी तिची झाली, मग माझी. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी हसून म्हटलं, "वेल, आय ट्राय. बाकी ते विद्यार्थ्यांनीच सांगायचं, नाही का?" आपलीच पाठ आपण कशी थोपटणार? आमच्या घरी ते चालत नसे. साहेबांनी मान डोलावली आणि आभार मानले.

जागा तिला मिळाली. मला फार लागलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण आठवली, आणि तिचा पुढचा भाग आठवून आणखी लागलं.

मंगळवारी ती नाशपातींची पेटी घेऊन आली. कमरेत वाकली.

"शुभा टीचर, यू आर एक्सलंट टीचर."

"नो, नो," मी घाईघाईनं म्हटलं, "छे, मी कसली."

तिनं पेटी टेबलावर ठेवली, नेहमीची माझी खुर्ची ओढली आणि तीत बसली.

"आय ॲम," ती म्हणाली. "म्हणा माझ्यामागून."

मी तोंडावर हात धरला.