पेटीतला पाय

उसाच्या गाडीखाली एलिहियोचा उजवा पाय गेला, त्याला आता चार महिने होत आले. पाय गेला, पण त्याचं दुखणं काही गेलं नाही. "बोटं मुडपलीत माझी, बोटं!" तो दिवसभर कण्हायचा. त्याची बायको नेरेइदा जरा पलंगाच्या पायथ्याशी टेकली, की ओरडायचा, "अगं, पायावर बसतेस!" तिथं नुसती सपाट चादर असायची. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

तुटलेला अवयव नीट पुरला नाही तर तो धन्याला छळतो, हे सान पेद्रोकडच्या ऊसतोडीच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. पाय पुरला होता धाकट्या दिरानं, नोलास्कोनं, रमच्या खोक्यात घालून. खोकं आखूड पडलं असणार, दुसरं काय! "एकदा उकरून सरळ कर रे बाबा," असं सांगून सांगून नेरेइदा थकली. तो उद्यावर ढकलायचा. शेवटी एका दुपारी कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवून तिनंच फावडं उचललं.

खोकं वर आलं आणि नोलास्को धापा टाकत पोचला. "वहिनी, उघडू नकोस!"

तिनं उघडलं. गोणपाटात पेरूच्या झाडाचं लाकूड होतं, चांगलं वाकडंतिकडं.

"इस्पितळात पाय जाळून टाकला होता," तो खालमानेनं म्हणाला. "दादा शुद्धीवर आल्या आल्या विचारायला लागला, कुठं पुरलास म्हणून. काय सांगणार होतो?"

नेरेइदाला रागवायचंही त्राण नव्हतं. ती मातीतच बसली. खरं सांगावं, तर नवऱ्याला उरलेली एवढी एक आशाही जाणार.

"मेल्या, निदान लाकूड तरी सरळ घ्यायचंस!" ती म्हणाली. "जा, दुसरं तोडून आण. आणि खोकं लांब बघ."

ती घरी आली तेव्हा एलिहियो दाराकडेच डोळे लावून होता.

"केलास सरळ?"

"केला."

"आणि बोटं?"

"एकेक करून," ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. मग त्यानं उजवीकडची सपाट चादर हातानं थोपटली.

"ये, बस इथं. किती दमलीस! आता नाही दुखत."

नेरेइदाचे पाय भरून आले होते. पण तिथं काही तिला बसवेना. ती खाली जमिनीवरच टेकली.