सोराच्या नावाची वरची रेघ

आमच्या हिने भांडुपच्या एका शाळेत एकतीस वर्षं मुलांची अक्षरं वळवली. आधी अक्षर काढायचं, डोक्यावरची रेघ शेवटी मारायची. उलटं केलं की फूटपट्टी. अशा नलिनीबाईंना परवा एका मोबाइलने नापास केलं, तेही चार रेघांच्या अक्षरात.

आमची गंधाली लग्न करून ओसाकाला गेली. तिची लेक सोरा शनिवारी सात वर्षांची होणार होती. आजीचे मराठी मेसेज तिला वाचता येत नाहीत, आई वाचून दाखवते. यंदा निदान स्वतःचं नाव तरी तिने थेट आजीकडून वाचावं, असा हिचा हट्ट. जपानीत ते नाव एकाच अक्षराचं: वर दोन आडव्या रेघा, खाली दोन तंगड्या. मोबाइलवर बोटाने काढायचं, की तो ओळखून छापील अक्षर देतो. मी म्हटलं, गंधालीच्या मेसेजमधून कॉपी कर. कॉपी हा शब्द मी कुणासमोर उच्चारला, हे दुपारी चहा मिळाला नाही तेव्हा कळलं.

ही आधी तंगड्या काढायची, मग खालची रेघ आणि शेवटी वरची, अगदी ठसक्यात. मोबाइल भलतंच अक्षर पुढे करायचा. दोन दिवस तिने त्यालाच ढ ठरवलं. शेवटी गंधालीने फोनवर सांगितलं, "आई, वरची रेघ आधी. तो क्रमही बघतो." अक्षरच नसेल तर रेघ मारायची कुणाच्या डोक्यावर, असं बाईंनी विचारलं. जपानने पुन्हा तेच सांगितलं: वरची आधी.

शनिवारी सकाळी तिने नाक मुरडून वरची रेघ आधी ओढली. अक्षर उमटलं. तिने ते पाठवलं आणि नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत लहान पोरीसारखी हसत फिरली.

पाच मिनिटांत सोराचा व्हिडिओ कॉल. आजीला जपानी यायला लागलं असं समजून पोरगी जी सुरू झाली, ती पाव तास थांबली नाही. ही आपली "हो गं, हो गं" करत मान हलवत होती. एरवी सोरा मोडक्यातोडक्या मराठीत "आजी, जेवलीस?" एवढं तरी विचारायची. आज तिला त्याची गरज वाटली नाही.

फोन बंद झाल्यावर मी टोमणा मारणार होतो, पण ही अजून बंद फोनकडेच बघत होती.

"चुकीचंच पाठवायला हवं होतं हो," ती म्हणाली.