चिमट्यातून सुटलेला केस

‘पण तुमची स्वतःची हनुवटी कुणी केली?’

विचारून झालं होतं, आणि आता ते परत गिळता येत नव्हतं. तिच्या उजव्या मुठीत ती धातूची दांडी होती — पेनाहून जाड, सायकलच्या मुठीहून बारीक, ओल्या कापडात गुंडाळलेली, गार — आणि ती तिने इतकी आवळली होती की कापडातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. बाजूच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या आईने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला पाठ होता: घरी चल, मग बघते. पण खरा दोष मागच्या बाकावरच्या मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत ‘वकील’ म्हणाली होती, जी बाई केस काढायला दुसऱ्यांच्या चेहऱ्यात सुया खुपसते तिने आधी आपला चेहरा दाखवावा, आणि ढब्बू म्हणाली होती, तू विचारणार नाहीस, तुझी टरकते, विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तुझा. आता डबा जिंकला होता.

बाईंनी भिंगाचा दिवा बाजूला सारला. तिची खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी मागे झुकलेली होती, त्यामुळे बाईंचा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि कपाळ खाली, आणि उलट्या चेहऱ्यावर राग आहे की हसू ते कसं ओळखायचं...

‘उजवी बाजू मला शिकवणाऱ्या बाईंनी केली,’ त्या म्हणाल्या. ‘डावी मी स्वतः. शिकत होते तेव्हा, आरशात बघून. दुसऱ्या हाताने लाव बोट. बघ फरक.’

तिने बोट लावलं. उजवीकडे नुसती कातडी होती, कुणाच्याही गालासारखी. डावीकडे बारीक खड्डे होते, संत्र्याच्या सालीवर असतात तसे.

‘घाई केली. विजेचा प्रवाह वाढवला. लग्न तोंडावर आलं होतं.’

‘कुणाचं?’

‘माझंच की.’ बाई हसल्या. ‘फोटोत छान आलेय. त्या वेळी हे दिसत नव्हतं, नंतर दिसायला लागलं.’

आईने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

मागच्या आठवड्यात हाच प्रश्न दुसऱ्या एका खोलीत विचारला होता. तिथे काचेचं दार होतं, पडद्यावर आधीच्या आणि नंतरच्या हनुवट्या सरकत होत्या, आणि तरुण डॉक्टर — वाईट नव्हता तो, उगाच का वाईट म्हणा — आईला नीट समजावून सांगत होता की आमची पद्धत उष्णतेची, मुळाशी सुई गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं, हातात दांडीबिंडी काही धरायची नाही, नुसतं पडून राहायचं. तुमची हनुवटी कुणी केली, असं तिने विचारल्यावर त्याने आपली काळीभोर दाढी कुरवाळली आणि म्हणाला, माझी तर मला हवीये. आई हसली, तीही हसली, आणि प्रश्न तिथेच संपला. खरं तर संपला नव्हता. जिन्यावरून उतरताना तिला वाटलं होतं, तो सगळा वेळ आईशीच बोलत होता. हनुवटी माझी, आणि बोलणं आईशी.

‘पण आज करू काय मी?’ बाई भिंगातून परत वाकल्या. ‘इथे तर सगळं साफ आहे. काल कुणी काढले?’

‘मीच काढले,’ आई म्हणाली. ‘चिमट्याने. तुमच्याकडे यायचं म्हणून. असं कसं आणायचं तिला, बरं दिसतं का?’

‘माळी येणार म्हणून तुम्ही झाडंच उपटून ठेवलीत.’

‘दातांच्या डॉक्टरकडे जाताना आपण दात घासून जातोच ना?’ आई अगदी सरळपणे म्हणाली. मग बाईंचे खांदे हलायला लागले, तिचेही, आणि खुर्ची करकरली. आई हसली नाही. आई कानापर्यंत लाल झाली होती.

आई चिमटा धरते तेव्हा जीभ किंचित बाहेर काढते. सहावीत असताना पहिल्यांदा काढला तेव्हा मावसबहिणीचं लग्न होतं. मग वर्गाचा फोटो. मग शेजारच्यांकडची पूजा... मग प्रसंग लागेनासाच झाला, रविवार पुरेसा होता. खिडकीतला उजेड, आईचा गुडघा, आईच्या बांगड्यांचा गालाला गार स्पर्श, ‘हलू नकोस, हा शेवटचा,’ आणि शेवटचा कधी शेवटचा नसायचा. तिला ते आवडायचं. हे कुणाला सांगता येत नाही, वकिलालाही नाही, पण आई एवढ्या जवळून फक्त तेव्हाच बघायची.

‘थांबा, एक आहे,’ बाई म्हणाल्या. ‘जबड्याखाली. चिमट्यातून सुटलेला. हाच करून दाखवते, म्हणजे हिला काय ते कळेल.’

सुई केसाहून बारीक होती. बंद पाकिटातून काढली, वापरली की फेकायची, हे बाईंनी आईला नाही, तिला सांगितलं. मग म्हणाल्या, ‘माझी पद्धत जुनी आहे. सावकाश. मुळाशी कातडीतलं मीठ-पाणी असतं, विजेने त्याचा एक दाहक थेंब होतो आणि तो मूळ मारतो. एकेका केसाला वेळ लागतो. तुझी मुळं उपटून उपटून वाकडी झालीत. सरळ सुई वळणापर्यंत पोचत नाही, थेंब पोचतो. उष्णतेनेही होतं, नाही असं नाही, पण काही केस फिरून येतील. ते डॉक्टर सांगतील ते खोटं नाही. तू ठरव.’

‘आणि ही दांडी?’

‘वीज सुईतून येते, दांडीतून परत जाते. मधे तू. मूठ सोडलीस की थांबलं. मला सांगायचीसुद्धा गरज नाही.’

आधी काहीच नव्हतं. मग जबड्याखाली एक डंख झाला, वाढत गेला, मुंगी जणू जागची हलेचना, आणि डोळ्यांत पाणी आलं — रडू नव्हे, ते नाकातला केस ओढला की येतं ते पाणी. तिने मूठ उघडली. डंख गेला. तसाच, एकदम, दिवा मालवल्यासारखा.

‘बघितलंस ना?’ बाई वर न बघता म्हणाल्या. ‘सगळ्याजणी एकदा सोडून बघतातच.’

तिने परत धरली. आपणहून. डंख परत आला, आणि या वेळी तो तिने आणलेला होता, म्हणून की काय कोण जाणे, तेवढाच असूनही वेगळा होता. बाईंनी चिमट्याने केस उचलला. ओढला नाही, उचलला, लोण्यातून निघावा तसा तो निघाला, आणि त्याच्या टोकाला इवलंसं ओलं पांढरं काहीतरी होतं. एवढ्याशा या गोष्टीसाठी मी वर्गात हात हनुवटीखाली ठेवून बसत होते...

‘आता महिनाभर चिमटा बंद, दोरा बंद,’ बाई म्हणाल्या. ‘वाढू दे. फारच झालं तर कात्रीने कापायचे, उपटायचे नाहीत. वर आल्याशिवाय मला सापडणार नाहीत. आणि डॉक्टरकडून रक्त तपासून आणा एकदा, असे केस का येतात ते कळलेलं बरं.’

रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते. आई पुढे, ती अर्धं पाऊल मागे. चपलांच्या दुकानाच्या काचेत तिने हनुवटी पाहिली, मग औषधांच्या दुकानाच्या, मग उभ्या असलेल्या एका गाडीच्या, आणि प्रत्येक काचेत ती वेगळी होती.

‘कार्यक्रम झाला की सुरू करू,’ आई म्हणाली. ‘तोवर मी काढत जाईन. एवढे दिवस गेले, अजून थोडे.’

शाळेचा वार्षिक कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता, आणि निवेदन ती करणार होती. ती. मागच्या वर्षी पडद्यामागे खुर्च्या मोजणारी ती. आवाज चाचणीला तिने माईक धरला आणि शिक्षिका म्हणाल्या, अगं, हा आवाज इतके दिवस होता कुठे? त्या दिवसापासून ती जिन्यावरसुद्धा निवेदन करते, दात घासतानाही, ‘सादर करीत आहोत’ म्हणून बेसिनला. आणि समोर प्रखर दिवा असतो. अशा दिव्यात सगळं दिसतं. आईचं बरोबर होतं, चुकत कुठे होतं?

पण कार्यक्रमानंतर दहावीच्या ओळखपत्राचा फोटो, त्यानंतर आत्याच्या मुलाचा साखरपुडा. आत्याच्या हनुवटीवरही आहेत. आत्या ओढणी ओठांपर्यंत घेऊन हसते. ती लहान असताना तिला वाटायचं, आत्या फार लाजरी आहे.

घरी बाबा स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होते. ‘काय साहेब, काय म्हणाल्या बाई?’ त्यांनी तिला विचारलं. ते तिला साहेबच म्हणतात.

‘तुमचीच देणगी आहे म्हणाल्या,’ आई म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी आपल्या हनुवटीवरून हात फिरवला. ती चार वर्षांची असताना, ते दाढी करत होते तेव्हा, तिने त्यांच्या शेजारी उभं राहून तोंडभर फेस फासला होता, कंगव्याच्या पाठीने ‘दाढी’ केली होती, आणि आरशात दोन पांढऱ्या हनुवट्या, एक मोठी एक लहान, अगदी सारख्या, बघून बाबा इतके हसले होते की त्यांना कापलं. तेवढ्यात आई आली आणि तिने टॉवेलने तिचं तोंड खसाखसा पुसलं. मुलींनी नाही असं करायचं. आईला तेव्हापासूनच भीती होती का? की फेसानेच केस येतात असं तिला वाटलं होतं? विचारायला हवं... आज नको.

जेवताना आई म्हणाली, ‘काचवाल्या डॉक्टरकडेच बरं. पटकन होतं, आणि त्यांना सांगू, कार्यक्रमानंतरची वेळ द्या.’ बाबा म्हणाले, ‘पटकनच बरं, हो की नाही?’ आणि पोळीकडे बघत राहिले.

तिच्या मुठीत चमचा होता. तो तिने कधी आवळला तिला कळलं नाही. सोडला तर काहीच होणार नव्हतं, डाळ गार झाली असती एवढंच, आणि उद्या रविवार होता, खिडकीत उजेड येणारच होता, आईचा गुडघा असणारच होता.

‘मी दांडीवाल्या बाईंकडे जाणार,’ ती म्हणाली. आवाज माईकवरचा निघाला, घरातल्या छोट्या टेबलासाठी जरा मोठा. ‘सावकाश. आणि कार्यक्रमाला अशीच जाणार. वाढू देणार. उद्या चिमटा नाही, आई.’

‘दिव्यात दिसेल गं,’ आई म्हणाली. हळू. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

‘दिसेल.’

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घास घातला. आई तिच्या हनुवटीकडे बघत होती, रविवारी बघायची तशी, जवळून — फक्त मधे टेबल होतं. त्या बघण्याने तिचं बोट आपोआप आपल्या जबड्याखाली गेलं. सुटलेला एक होता, तोही आता नव्हता. तिथे गुळगुळीत होतं, थोडं दुखरं, आणि त्याच्या आजूबाजूला, कातडीच्या आत, बाकीचे सगळे वर यायला लागले असतील... आत्ता, या क्षणी, ती बसलेली असताना. तिला भीती वाटत होती. चमचा मात्र तिने अजून सोडला नव्हता.