कोषाध्यक्षांची सही

नितेशने लॅपटॉप मिटला आणि पलंगावर पडलेली नोटीस आपल्याकडे ओढली.

"काका, टेन्शनच घेऊ नका. उत्तर आम्ही देणार, वकील आमचा, ऑडिटसुद्धा आम्हीच करून घेणार. तुमची पार्टी यादीतून जात नाही."

भाऊराव ताठ बसून ऐकत होते. घाटकोपरच्या या दोन खोल्या म्हणजेच उपनगर कष्टकरी पक्षाचा नोंदणीकृत पत्ता. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा पक्ष काढला. दोनदा निवडणूक लढवली, दोनदा पडले; पण कंत्राटी सफाईवाल्यांना गमबूट मिळवून दिले. आता निवडणूक आयोगाने विचारलं होतं, सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही, तर नोंदणी का काढू नये? मंगळवारी सुनावणी होती.

"आणि तुम्हाला काय पाहिजे?" भाऊरावांनी विचारलं.

"आमची दोन माणसं कमिटीत घ्या. देणग्या चेकने येतील. देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट. आपलं कमिशन कापून बाकीचं त्याला रोख परत. सह्या तेवढ्या कोषाध्यक्षांच्या लागतील."

"हे देणारे आमच्या पक्षाला ओळखतात?"

नितेश हसला. "चेकवर नाव बरोबर लिहिलं की झालं ना, काका."

चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी संघमित्रा दारातच थबकली. नितेशला तिनेच बोलावलं होतं. मुलुंडच्या ज्या लॅबमध्ये ती रक्ततपासणीचं काम करायची, तिथल्या मैत्रिणीने त्याचा नंबर दिला होता. नोटिशीला उत्तर चांगलं लिहून देतो म्हणून. आणि पक्षाची कोषाध्यक्ष तीच होती. आधीचे कोषाध्यक्ष वारले तेव्हा वडिलांनी कागद पुढे केला आणि एकवीस वर्षांच्या संघमित्राने सही केली होती.

नितेश गेल्यावर ती म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं, पप्पा."

"ठाऊक आहे मला."

नोटीस आल्यापासून भाऊराव धड जेवत नव्हते. लॅबमधून फोन केला की आई सांगायची, खिडकीत बसलेत नुसते. रविवारी भांडी घासता घासता संघमित्रा पाठमोरीच बोलली.

"एक वर्ष घ्यायची का त्याची मदत? सगळेच करतात. पक्ष तरी वाचेल तुमचा."

भाऊराव ओट्याजवळ आले आणि तिने विसळलेलं एकेक ताट पुसून फळीवर लावत राहिले. घरात हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

सोमवारी ते सकाळीच बाहेर पडले आणि दिवेलागणीला परतले. पाय सुजले होते.

"कुठे होतात?"

"कुंडलिककडे, नंदाताईंकडे. पक्षाची जुनी माणसं आहेत, भेटून आलो."

तिने मिठाचं कोमट पाणी बादलीत आणून ठेवलं. त्यांचे पाय तिनेच पाण्यात सोडले.

मंगळवारी दोघं सुनावणीसाठी फोर्टच्या निवडणूक कार्यालयात गेले. नितेशचा नाद सोडून संघमित्राने स्वतःच लिहिलेलं उत्तर तिच्या पिशवीत होतं. आठ वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही तर आम्ही लढायचं कुठे, असं तिने त्यात विचारलं होतं. तिला ते मुद्देसूद वाटत होतं.

नाव पुकारल्यावर ती पिशवीत हात घालते न घालते तोच भाऊरावांनी खिशातून वेगळाच कागद काढून अधिकारी बाईंसमोर ठेवला.

"पक्ष बंद करायचा ठराव आहे, मॅडम. कमिटीतल्या हयात असलेल्या बाकी सगळ्यांच्या सह्या आणल्यात."

"पप्पा!"

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "लोक इथे पक्ष वाचवायला येतात, काका. निर्णय दिल्लीत होतो, मी फक्त अहवाल पाठवते. विचार केलाय ना?"

"केलाय."

बाई वाचू लागल्या. शेवटी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "'पक्षाच्या कोषाध्यक्ष संघमित्रा भाऊराव गायकवाड यांनी आपल्या कारकिर्दीत एकाही खोट्या कागदावर सही केलेली नाही, याची नोंद व्हावी.' हे कशासाठी? अहवालात याला रकाना नाही."

"नसू दे. पण कुठे तरी लिहिलेलं राहू द्या. आमच्यानंतर पक्षाच्या नावावर कुणी काही करायला आलं, तर पोरीचं नाव स्वच्छ पाहिजे."

संघमित्राने मान खाली घातली. रविवारचं आपलंच बोलणं तिला आठवलं.

बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. "कोषाध्यक्षांची सही राहिलीय."

भाऊरावांनी पेन उघडून दिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होते.

"मला वाचू द्या आधी," ती म्हणाली.

मागे रांगेतलं कुणीतरी चुळबुळलं. बाईंनी हात करून त्यांना थांबवलं. संघमित्राने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. वडिलांचं अक्षर गिचमिड होतं, कुंडलिककाकांची सही तिरपी गेली होती, नंदाताईंनी अंगठा उठवला होता. तिने एकही शब्द सोडला नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर डावा हात लांब करून तिने वडिलांचा हात धरला, आणि उजव्या हाताने सही केली.