माझी वाळकी फांदी

मित्रांनो, मी एक जुना ओक आहे. सर्बियातल्या एका डोंगरी खेड्याच्या माथ्यावर उभा आहे. माझ्या सालीवर क्रूस कोरलेला आहे, म्हणून इथले लोक मला 'झापिस' म्हणतात. झापिसला कुऱ्हाड लावायची नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. घालेल त्याच्या घरादाराचं वाटोळं होतं, अशी समजूत. माझा थाट काय विचारता! सणाला सगळा गाव माझ्या सावलीत जेवतो आणि पाद्रीबाबा क्रूसाची खाच दरवर्षी नव्याने कोरतात. त्या खाचेतूनच माझ्यात कूज शिरली, हे त्यांना कोण सांगणार?

सणाच्या जेवणाची टेबलं जिच्याखाली मांडतात, ती माझी मोठी फांदी वाळली. ते पहिल्यांदा पाहिलं विदोसावाने. यंदा सणाचं यजमानपण तिच्या नवऱ्याकडे, ल्युबिसावकडे होतं.

"तिहोमीरकाका, त्या फांदीवर अळंब्या आल्यात. आतून पोकळ झालीय ती. सणाआधी उतरवा," ती गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला म्हणाली.

"जीभ आवर, पोरी! झापिसला कुऱ्हाड?"

"काका, हिला घरात माझ्या मिशा खुपतात, बाहेर झाडाच्या फांद्या!" ल्युबिसाव म्हणाला.

सगळे खो-खो हसले. मला हसू आलं नाही. फांदीचा भार मलाच ठाऊक होता.

सणाच्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं. ल्युबिसावने सणाचा पाव दोन्ही हातांनी उंच धरला, आणि फांदी मोडली. तो जागच्या जागी गेला. काय सांगू मित्रांनो, माझ्याच अंगाने त्याला मारलं.

आणि गाव काय म्हणालं? विदोसावाने कुऱ्हाडीचं नाव काढलं, म्हणून देव कोपला! तिच्याकडचं जाणं-येणं तुटलं. टेबलं उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला मांडली. तिथली फांदीही सडत आली आहे.

काल विदोसावा शिडी आणि करवत घेऊन एकटीच आली. करवत जेमतेम सालीत रुतली, तोच माणसं धावत आली.

"नवरा खाल्लास, आता गाव बुडवतेस का गं?" तिहोमीरकाका ओरडले.

"अहो, वाचवतेय! उद्या इथे तुमचीच नातवंडं बसतील ना जेवायला?"

कुणी ऐकलं नाही. तिला ओढून खाली उतरवलं, करवत दरीत भिरकावली. मग सगळ्यांनी टोप्या काढल्या, गुडघे टेकले आणि माझी क्षमा मागितली.

मित्रांनो, झाडावर माया करा, पण डोळस करा. वाळलेलं वेळीच उतरवा. मला त्यांची क्षमायाचना नको होती. ती करवत हवी होती.